विश्लेषण : संशय संगणकाचा, शिक्षा पालकांना... ‘बिग डेटा’मुळे नेदरलँड्सचे सरकार का पडले?

सरकारी योजनेचे लाभार्थी संगणकाकडून तपासून घेतले की काम झटपट होते, पैसाही वाचतो, असे मानले जाते. नेदरलँड्सने तेच केले. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

योजना काय होती?

नेदरलँड्समध्ये पाळणाघरे महाग आहेत. नोकरदार पालकांना त्या खर्चासाठी सरकार भत्ता देते. उत्पन्न जितके कमी, तितका मदतीचा वाटा मोठा. रक्कम आगाऊ मिळते, हिशेब नंतर होतो आणि हे सारे काम तेव्हा करविभाग पाहत असे. २०१३ मध्ये बल्गेरियातील काही टोळ्यांनी सरकारी भत्त्यांवर डल्ला मारल्याचे उघड झाले. माध्यमांत आणि संसदेत ओरड झाली, ‘फसवे लाभार्थी शोधा’ असा दबाव वाढला. त्याच वर्षी पाळणाघर भत्त्यासाठी ‘जोखीम गुण’ देणारी संगणक प्रणाली वापरात आली.

संगणक नेमके काय करत होता?

‘बिग डेटा’ म्हणजे केवळ भरमसाट माहिती नव्हे. वेगवेगळ्या कारणांसाठी गोळा झालेल्या नोंदी एकत्र आणायच्या, जुन्या प्रकरणांतून साचे शोधायचे आणि त्यावरून नव्या माणसाबद्दल अंदाज बांधायचा, ही त्यामागची पद्धत. या प्रणालीने प्रत्येक अर्जाला गुण दिले. सर्वाधिक गुण मिळालेले अर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर जात. गुण ठरवताना अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हेही पाहिले जाई. दुहेरी नागरिकत्वाच्या नोंदी तर ठेवण्याचे कारण संपल्यावरही तशाच राहिल्या. मे २०१८ मध्ये अशा सुमारे १४ लाख लोकांच्या नोंदी करविभागाकडे होत्या. नागरिकत्वाचा हा वापर बेकायदा आणि भेदभाव करणारा होता, असा निष्कर्ष तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये काढला.

अंतिम निर्णय माणूसच घेत होता, हा बचाव येथे तोकडा पडतो. अर्ज ‘धोकादायक’ आहे एवढेच अधिकाऱ्याला कळत होते. का, ते कळत नव्हते. ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ने २०२१ च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले.

मग कुटुंबे उद्ध्वस्त कशी झाली?

सगळा दोष संगणकाच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. संगणकाने फक्त बोट दाखवले. घाव घातला तो नियमांनी. एखादी सही राहिली, स्वतःच्या वाट्याचे थोडे पैसे भरल्याचा पुरावा सापडला नाही, तरी वर्षभराचा पूर्ण भत्ता परत मागितला जाई. काहींच्या डोक्यावर हजारो युरोंचे कर्ज चढले. त्यातच ‘हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणा’ असा शेरा बसला, तर हप्त्याने फेडण्याची सोयही नाकारली जाई. आपले काय चुकले, हे अनेक पालकांना शेवटपर्यंत कळले नाही. घरे गेली, संसार मोडले. या कुटुंबांतील हजाराहून अधिक मुलांना घराबाहेर ठेवले गेल्याचे तेथील सरकारी आकडेवारीतून समोर आले. बाधित पालक सुरुवातीला सुमारे २६ हजार मानले जात होते, पुढे हा आकडा वाढला.

‘त्रौव’ हे दैनिक, आरटीएल वाहिनीचे पत्रकार आणि पीटर ओम्त्सिख्त व रेन्स्के लायटन हे दोन खासदार यांनी पाठपुरावा केला नसता, तर हे प्रकरण फायलींतच राहिले असते. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने या प्रकाराला ‘अभूतपूर्व अन्याय’ म्हटले आणि महिनाभरात सरकार गेले. प्रत्येक बाधित पालकाला किमान ३० हजार युरो भरपाई जाहीर झाली. रुट मात्र त्यानंतरच्या निवडणुकीत पुन्हा जिंकले. आज ते ‘नाटो’चे सरचिटणीस आहेत.

न्यायालयाने काय म्हटले?

याच देशात ‘सिरी’ नावाची आणखी एक प्रणाली होती (मोबाइलमधली नव्हे). कर, रोजगार, घर, कर्ज अशा नोंदी जोडून ती फसवणुकीची शक्यता वर्तवत असे आणि तिचा वापर गरीब वस्त्यांत होत होता. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने ती बंद पाडली. फसवणूक रोखण्याचा हेतू न्यायालयाला मान्य होता. पण ही प्रणाली कशी चालते हे लोकांना तपासताच येत नसेल, तर खासगी आयुष्यातील एवढी ढवळाढवळ समर्थनीय ठरत नाही, असे निकालात म्हटले.

आपल्याकडे याचा संबंध काय?

‘लाडकी बहीण’ योजनेत विविध विभागांच्या नोंदी पडताळल्यावर सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे दिसते, असे राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. त्यांचा लाभ जूनपासून तात्पुरता थांबवण्यात आला. खातरजमा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होईल आणि पात्र ठरणाऱ्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, असे सांगण्यात आले. ही डच पद्धतीची भाकिते नव्हती, नियमांशी घातलेला मेळ होता. हा फरक मोठा आहे. पण आधी हप्ता थांबला आणि खातरजमा नंतर, हा क्रम ओळखीचा वाटतो. चुकून यादीत नाव आलेल्या बाईला त्या दरम्यानचे महिने १५०० रुपयांविना काढावे लागतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. सरकारी लाभ देण्यासाठी माहिती वापरताना शासनाला संमतीच्या अटीतून बरीच सूट आहे. एखादा निर्णय संगणकाने कशाच्या आधारे सुचवला, हे विचारण्याचा स्वतंत्र हक्क मात्र या कायद्यात नाही.