लेखनाची मशागत : धार आणि देवासच्या वाटेवरून



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठीचा पहिला निबंध लिहिला, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मृत्यर्थ बोलण्याचा मान मला मिळावा, याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. संकोच अशासाठी, की समोर गुरुजी नाहीत, आणि माझ्या वाक्यावर लाल पेन्सिलीची रेघ कोण ओढणार, हा प्रश्न आजही मला पडतो.

‘चांगला लेखक कसे व्हावे?’ हा विषय संयोजकांनी सुचविला. प्रतिभा शिकविता येत नाही, हे सर्वमान्य आहे. पण प्रतिभेच्या नावाखाली आपण बरेचदा आळस लपवितो. पाऊस आपल्या हाती नसला तरी नांगरट, कुळवणी आणि निंदणी आपल्या हाती असतात. लेखनातील या मशागतीविषयी मी बोलणार आहे. त्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. मध्ये इंदूर ठेवून इकडे देवास आणि तिकडे धार, एवढ्या टापूत पुरेसे धडे आहेत.

दोषांपासून आरंभ

धार ही राजा भोजाची नगरी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणाऱ्या या राजाच्या नावावर साहित्यशास्त्राचे दोन मोठे ग्रंथ आहेत, ‘सरस्वतीकंठाभरण’ आणि ‘शृंगारप्रकाश’. त्यांपैकी पहिल्याची मांडणी लेखनाच्या उमेदवाराने ध्यानात घेण्याजोगी आहे. सौंदर्याची चर्चा पुढे येते. आधी येतात ते दोष. पदाचे सोळा, वाक्याचे सोळा आणि वाक्यार्थाचे सोळा, असे अठ्ठेचाळीस दोष भोज मोजतो. गुण आणि अलंकार त्यानंतर.

हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. दागिने चढविण्यापूर्वी अंग स्वच्छ असावे, इतकी ती साधी गोष्ट आहे. पददोषांपैकी तीनच घेतो. पहिला ‘अनर्थक’, म्हणजे केवळ जागा भरण्यासाठी आलेला शब्द. श्लोकात तो वृत्त भरण्यासाठी येतो, आपल्या गद्यात तो भाषणाच्या सवयीने येतो. ‘खऱ्या अर्थाने’, ‘या ठिकाणी’, ‘असे म्हटल्यास वावगे ठरू नये’ ही त्याची आजची रूपे. ती काढून टाका आणि वाक्य पुन्हा वाचा. काही हरवले नाही, हे लगेच कळते. दुसरा ‘संदिग्ध’. ‘विनूने भाऊला सांगितले, की त्याचे वडील आले आहेत.’ कोणाचे वडील? लिहिणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्याला शंका येत नाही. वाचणारा मात्र दारात उभा राहतो. तिसरा ‘अप्रयुक्त’, म्हणजे व्याकरणाने शुद्ध, पण कोणीच वापरीत नाही असा शब्द. कोशातून उचललेला असा शब्द लेखात ठेवला, की तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

गुरुजींनी भोजाचा ग्रंथ आम्हांला कधी शिकविला नाही. परंतु वहीच्या समासात ते तीनच खुणा करीत : रेघ म्हणजे ‘काढ’, प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कोण?’, आणि फुली म्हणजे ‘हे तू घरी बोलतोस का?’ पुढे अनेक वर्षांनी ‘सरस्वतीकंठाभरण’ चाळताना या तिन्ही खुणा मला तेथे भेटल्या.

टेकरी की टेकडी?

फुलीची एक हकीकत सांगितली पाहिजे. आमच्या काळी शाळेचे माध्यम हिंदी, आणि मराठी विषय घेणारी आम्ही मुले मोजकी. पुण्याहून येणाऱ्या मासिकांची भाषा आम्हांला प्रमाण वाटे. ‘माझे गाव’ या निबंधात मी लिहिले, ‘आमच्या गावात देवीची टेकडी आहे.’ गुरुजींनी ‘टेकडी’वर फुली मारली. मी चकित झालो. शब्द तर शुद्ध होता! गुरुजी म्हणाले, “नवरात्रात आईला काय म्हणतोस, ‘आई, मी टेकडीवर जातो’ असे?” मी म्हणालो, “नाही गुरुजी, ‘टेकरीवर जातो’ म्हणतो.” “मग ही टेकडी कोणाच्या गावातली?” ते एवढेच बोलले आणि पुढची वही उघडली.

येथे एक शास्त्रीय अडचण आहे. भोजाच्या सोळा पददोषांत ‘देश्य’ हाही एक दोष आहे. व्युत्पत्ती लागत नाही, केवळ एखाद्या प्रदेशात रूढ आहे, असा शब्द म्हणजे देश्य. त्या न्यायाने ‘टेकरी’ सदोष ठरावी. परंतु याच भोजाने गुणांचा एक वेगळा वर्ग मानला आहे. त्याला तो ‘वैशेषिक गुण’ म्हणतो. एरवी जो दोष, तोच प्रसंगविशेषी, वक्ताविशेषी गुण होतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे शब्द स्वतः शुद्ध वा अशुद्ध नसतो. कोण बोलतो, कोणाशी, कोठे, यावर त्याची योग्यता ठरते. शास्त्रीय ग्रंथात ‘ओटला’ लिहिल्यास वाचक अडखळेल. माळव्यातल्या घराच्या वर्णनात ‘ओटला’ न लिहिता ‘व्हरांडा’ लिहिल्यास घरच बदलेल. नियम आधी शिकावा तो यासाठी, की तो कोठे सोडायचा हे कळावे. नियम न शिकता सोडणारा आणि शिकून कधीच न सोडणारा, हे दोघेही अर्धेच लेखक होत.

ज्या मजकुराने मान टाकली

या टेकरीचे नाव एका इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ई. एम. फॉर्स्टर हा कादंबरीकार १९१२-१३ च्या भारतभेटीत देवासला येऊन गेला आणि १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिला. त्याचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली निघाले.

लेखकाच्या दृष्टीने त्यातील एक कबुली मोलाची आहे. भारतावरील कादंबरीची सुरुवातीची प्रकरणे फॉर्स्टरने आधीच लिहिली होती; ती पुढे नेण्याच्या इराद्याने तो बरोबर घेऊन आला. पण ज्या देशाचे ते वर्णन होते, तो देश समोर उभा राहताच लिहिलेला मजकूर कोमेजला, निर्जीव झाला आणि त्याला पुढे काही करता येईना. मायदेशी परतल्यावर ते काम पुन्हा सुरू झाले आणि १९२४ साली ‘अ पॅसेज टू इंडिया’ प्रसिद्ध झाली.

मग देवासमधील महिने वाया गेले काय? मुळीच नाही. कादंबरी थांबली होती, पण पत्रे चालू होती. आईला, मित्रांना तो दरबाराचे, सणांचे, फजितीचे बारीकसारीक वर्णन लिहीत होता. १९२१ ची येथील गोकुळाष्टमी त्या पत्रांत आली आणि कादंबरीच्या तिसऱ्या भागातील कृष्णजन्माचा उत्सव तिच्यावरच उभा राहिला. तीच पत्रे बत्तीस वर्षांनी ‘द हिल ऑफ देवी’चा गाभा झाली.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. मजकूर मेला तर तो मेला, हे ओळखण्याचे धैर्य पाहिजे. पहिल्या खर्ड्याचा मोह फार वाईट. आणि मोठे लेखन अडले तरी छोटे थांबवू नये. पत्र, रोजनिशी, टिपण यांत डामडौल नसतो, कारण समोर ओळखीचा माणूस असतो. म्हणूनच त्यांत खरे तपशील टिकतात.

न गाण्याची वर्षे

दुसरा धडा गवयाकडून घ्यावा. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी अवस्थेत देवासला आले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली होती. बालवयात मैफिली गाजविलेल्या या कलावंताने ऐन तारुण्यात अंथरुणावर काही वर्षे मौनात काढली. त्या काळात त्यांच्या कानांवर येत होती माळव्यातील बायकांची लग्नातली, सणांतली गाणी. ती त्यांनी मन लावून ऐकली, जमविली, त्यांच्या स्वरांत रागांची बीजे शोधली. पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांचे गाणे पूर्वीचे राहिले नव्हते. १९६५ साली आलेल्या त्यांच्या ‘अनूपरागविलास’मध्ये आणि लोकधुनांच्या मैफिलींत या ऐकण्याचे फळ दिसते. १२ जानेवारी १९९२ रोजी याच गावात त्यांनी देह ठेवला.

आजार हा कोणाला वरदान वाटू नये. असे म्हणणे त्या वेदनेचा अपमान होईल. मला एवढेच सांगायचे आहे, की तोंड बंद असताना कान उघडे राहिले. होतकरू लेखक बहुधा याच्या उलट करतो. बाजारात भाजीवाली कशी नकार देते, वडीलधारी माणसे नाराजी कोणत्या शब्दाने लपवितात, दुःखाची बातमी सांगताना माणूस वाक्य कोठे तोडतो, हे ऐकल्याशिवाय संवाद लिहिता येत नाही.

घाई आणि भाषा

भा. रा. तांबे यांचा देवासशी विद्यार्थी म्हणून आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने संबंध आला. त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह वा. गो. मायदेव यांनी संपादून १९२० साली काढला, तेव्हा कवीने पंचेचाळिशी ओलांडली होती. छापून येण्याची घाई झालेल्या तरुणांनी हे वर्ष लक्षात ठेवावे.

भाषेचा प्रश्न आपणा माळवेकरांना सुटत नाही. घरात मराठी, बाहेर हिंदी, लिहावे कशात? मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण पाहा. एकाच मराठी घरातील गजानन माधव हिंदीत लिहिते झाले, तर शरच्चंद्र मराठीत. ‘क्षिप्रा’ ही त्यांची कादंबरी १९५४ ची. दोघांनीही आपापल्या भाषेत मोलाची भर घातली. तेव्हा कोणती भाषा निवडली, यापेक्षा निवडलेल्या भाषेची मशागत किती केली, हे महत्त्वाचे.

एक कर्ज

आता जे सांगावयाचे आहे, ते माझ्या अपयशाविषयी. देवासला एके काळी थोरली आणि धाकटी अशा दोन पाती होत्या, एकाच गावात दोन राज्ये. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. तो संक्रमणाचा काळ गुरुजींनी तरुणपणी पाहिला होता. संध्याकाळी ओटल्यावर बसून ते सांगत : दोन दरबारांचे मानपान, दसऱ्याची लगबग, आणि मग मराठी हळूहळू कचेरीतून घरात व घरातून माजघरात कशी सरकली, ते. एकदा म्हणाले, “हे लिहून ठेव रे. माझ्याच्याने आता होत नाही.”

मी वही घेऊन दोनदा गेलो. घरी येऊन लिहिले, वाचले आणि फाडले. भाषा अजून तयार नाही, थोडे थांबू, असे मनाला बजावले. एका पावसाळ्यात गुरुजी गेले. माझी भाषा पुढे पुष्कळ सुधारली. पण सांगणारा उरला नव्हता. तीन-चार प्रसंग आठवतात, त्यांतले नेमके शब्द आठवत नाहीत. दोषांची यादी मला पाठ होती, आणि सर्वांत मोठा दोष त्या यादीत नव्हता : न लिहिणे.

म्हणून तांब्यांच्या उदाहरणाचा विपरीत अर्थ घेऊ नका. घाई नको ती छापण्याची. लिहिण्याची घाई हवीच. कच्चे असो, ओबडधोबड असो, ऐकलेले त्याच रात्री उतरवा. आठ दिवसांनी ते मोठ्याने वाचा. जेथे जीभ अडेल तेथे वाक्य चुकले आहे असे समजा. मग रेघ, प्रश्नचिन्ह आणि फुली या तीन खुणा करा. फाडू मात्र नका.

धारच्या भोजशाळा-कमाल मौला परिसरात १९०३ साली एक शिलालेख उजेडात आला. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. मदन कवीची ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका त्यावर कोरलेली आहे. तिचे अंक चार, हाती लागले ते दोनच. परंतु कोणीतरी कोरले, म्हणून निदान दोन अंक उरले. गुरुजींच्या ओटल्यावरचा एकही अंक मी कोरला नाही.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी अजून आजी असतील, आजोबा असतील. त्यांच्या बोलीत ‘टेकरी’ आहे, ‘ओटला’ आहे, आणि तुमच्या-माझ्या ठाऊक नसलेले कितीतरी आहे. आज रात्री त्यांच्याजवळ बसा आणि एक पान लिहा. ते चांगले झाले नाही तरी चालेल. गुरुजींचे माझ्यावर जे कर्ज राहिले, ते तुमच्यावर राहू नये, एवढीच या निमित्ताने प्रार्थना करतो.