झिप कोड आणि आयुष्याची दोरी

ओहेअर विमानतळापासून शिकागोच्या डाऊनटाऊनला जाणारी ब्लू लाइन आपणा सर्वांच्या चांगल्या परिचयाची आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवायला आपण बरेचदा याच गाडीने नेतो. लूपमध्ये उतरायचे, सीअर्स टॉवर पाहायचा, लेक मिशिगनच्या काठी फोटो काढायचे आणि परत फिरायचे, असा कार्यक्रम ठरलेला असतो. ही गाडी लूपच्या पुढे पश्चिमेकडेही जाते, पण तिकडे आपले सहसा जाणे होत नाही. थोड्याच वेळात मेडिकल डिस्ट्रिक्टचे स्टेशन लागते आणि त्यापुढे पुलास्की. या परिसराचे नाव वेस्ट गारफिल्ड पार्क.

लूपपासून इथपर्यंतचे अंतर फार तर पाच मैल. पण गेल्या दशकातील मोजणीनुसार लूपमध्ये राहणाऱ्या माणसाचे सरासरी आयुर्मान 85 वर्षे आणि वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये राहणाऱ्याचे 69 वर्षे. पाच मैलांत सोळा वर्षे गळाली! न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलने 2019 मध्ये अमेरिकेतील 500 मोठ्या शहरांचा असाच अभ्यास केला. त्यात सर्वात मोठी तफावत शिकागोतच आढळली. सरोवराकाठच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये 90 वर्षे, तर दक्षिणेकडील एंगलवुडमध्ये 60 वर्षे.

मी डॉक्टर नव्हे. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि आकडेवारीशी रोजचा संबंध येतो, एवढाच माझा अधिकार. पण मेडिकल डिस्ट्रिक्टमधील रश युनिव्हर्सिटी आणि शेजारच्या कुक काउंटी हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी या प्रश्नावर जे संशोधन केले आहे, ते वाचताना हे आपल्या मंडळींपर्यंत पोचायला हवे असे वाटले. ‘आपण चांगल्या सबर्बमध्ये राहतो, नोकरीचा इन्शुरन्स आहे, आपला याच्याशी काय संबंध?’ असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे.

467 रुग्णांची मोजदाद

1980 च्या सुमारास शिकागोतील खाजगी हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी रूममधून अनेक रुग्ण ॲम्ब्युलन्समध्ये घालून कुक काउंटी या सरकारी हॉस्पिटलकडे पाठवले जात. हे का होते, याचा अंदाज सर्वांनाच होता, पण पुरावा नव्हता. तेथील तरुण डॉक्टरांनी अशा 467 रुग्णांची पद्धतशीर नोंद केली. त्यांपैकी 87 टक्के लोकांना केवळ इन्शुरन्स नसल्यामुळे पाठवण्यात आले होते. 24 टक्के रुग्णांची प्रकृती पाठवतेवेळी स्थिर नव्हती. लेखी संमती घेतली होती ती अवघ्या 6 टक्क्यांची.

हा अभ्यास फेब्रुवारी 1986 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने ‘एम्टाला’ नावाने ओळखला जाणारा कायदा केला. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या कोणत्याही हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममध्ये माणूस आला, तर त्याला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक झाले. खिशात पैसे आहेत का, इन्शुरन्स आहे का, हा प्रश्न नंतरचा.

वाचकहो, सहा महिन्यांसाठी आलेल्या आपल्या आई-वडिलांच्या छातीत रात्री दोन वाजता दुखू लागले, तर त्यांना दारातून परत पाठवता येत नाही, ते या कायद्यामुळे. वेस्ट साइडच्या गोरगरिबांसाठी केलेल्या मोजदादीचे फळ असे आपल्याही पदरात पडले आहे. (अर्थात बिल मागाहून येतेच! त्याविषयी पुढे लिहिले आहे.)

कालपर्यंत चालत होते, मग बदलले काय?

या अभ्यासातील एक डॉक्टर डेव्हिड ॲन्सेल पुढे रशमध्ये आले. त्यांनी आणि सायनाय हॉस्पिटलच्या संशोधकांनी 2007 मध्ये स्तनाच्या कॅन्सरविषयी एक निष्कर्ष मांडला. 1980 च्या सुमारास शिकागोतील कृष्णवर्णीय आणि गोऱ्या स्त्रियांचा या रोगाने होणारा मृत्युदर जवळजवळ सारखा होता. 2003 मध्ये मात्र कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर 68 टक्क्यांनी अधिक होता.

आमच्या धंद्यात कालपर्यंत नीट चालणारा प्रोग्राम आज बिघडला, तर पहिला प्रश्न असतो, ‘मधल्या काळात बदलले काय?’ इथेही तोच प्रश्न विचारावा लागतो. ‘त्यांच्या रक्तातच काही दोष असेल’ हे उत्तर टिकत नाही, कारण वीस-पंचवीस वर्षांत कोणाचे रक्त बदलत नाही. ‘त्या तपासणीच करत नसतील’ हेही पुरेसे नाही, कारण मॅमोग्राम काढून घेण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते.

बदलली होती ती वैद्यकीय विद्या. मॅमोग्राफी आली, उपचार सुधारले आणि गोऱ्या स्त्रियांचा मृत्युदर झपाट्याने खाली आला. दुसऱ्या गटाचा होता तिथेच राहिला. खोलात शिरल्यावर दिसले की गरीब वस्त्यांतील केंद्रांमध्ये यंत्रे जुनी होती आणि फिल्म वाचणारे बरेचदा सर्वसाधारण रेडिओलॉजिस्ट असत. मोठ्या हॉस्पिटलांत हेच काम केवळ स्तनांचे मॅमोग्राम वाचणारे तज्ज्ञ करत. संशयास्पद फिल्मनंतर रुग्णाला पुढच्या तपासणीला बोलावण्याची व्यवस्थाही ढिली होती. म्हणजे बाई वेळेवर तपासणीला गेली, ‘सर्व ठीक आहे’ ऐकून घरी आली आणि गाठ तशीच राहिली.

यानंतर शहरातील हॉस्पिटलांनी आणि संस्थांनी एकत्र येऊन केंद्रांचा दर्जा मोजायला व सुधारायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षांत कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर खाली आला. दोष कुठे आहे ते नेमके सापडले, की दुरुस्ती शक्य असते.

घराचे कर्ज आणि हृदयविकार

सोळा वर्षांच्या तफावतीचे कारण विचारले, तर बहुतेक लोक बंदुकीच्या गोळीबाराकडे बोट दाखवतील. तो आहेच. पण रशच्या अभ्यासात मोठा वाटा निघाला तो हृदयविकार आणि कॅन्सर यांसारख्या नेहमीच्या रोगांचा. त्यांत बालमृत्यू आणि अमली औषधांचे बळी यांचीही भर पडते.

हे रोग एकाच भागात का साचले, याचे उत्तर आर्थिक इतिहासात आहे. 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोक्याच्या’ म्हणून लाल रंगाने दाखवल्या. यालाच रेडलायनिंग म्हणतात. तिथे घरासाठी कर्ज मिळेना. 1968 च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरला, पण तोपर्यंत एक पिढी घराविना गेली होती. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दंगली झाल्या, वेस्ट साइडची दुकाने जळाली आणि त्यांतील कित्येक पुन्हा उभी राहिली नाहीत. आपण ज्या टॉवरवर पाहुण्यांना नेतो, त्या सीअर्स कंपनीचे मुख्य कार्यालय पूर्वी वेस्ट साइडलाच, नॉर्थ लॉनडेलमध्ये होते. 1973 च्या सुमारास ते टॉवरमध्ये गेले आणि 1992 पासून हॉफमन इस्टेट्सकडे. नोकऱ्याही त्याच वाटेने निघून गेल्या.

आपल्यापैकी बहुतेकांची मोठी बचत घराच्या इक्विटीत आहे. मुलांचे कॉलेज, अचानक आलेले आजारपण, सगळे त्या आधारावर निभावते. हा आधारच नसला तर माणूस डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलतो आणि ब्लडप्रेशरची गोळी एक दिवसाआड घेतो. जुलै 1995 च्या उन्हाळ्याच्या लाटेत शिकागोत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत घरात एकट्या राहणाऱ्या, ओस पडलेल्या वस्त्यांतील वृद्धांची संख्या मोठी होती. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला कोविडने दगावलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के कृष्णवर्णीय होते. शहराच्या लोकसंख्येत मात्र त्यांचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास आहे.

म्हणून रशने एक वेगळा उपाय सुरू केला. 2017-18 मध्ये कुक काउंटी, सायनाय, इलिनॉय विद्यापीठाचे हॉस्पिटल वगैरेंना बरोबर घेऊन ‘वेस्ट साइड युनायटेड’ ही संस्था उभी केली. 2030 पर्यंत आयुर्मानातील ही दरी निम्मी करायची, असे त्यांचे उद्दिष्ट आहे. ही हॉस्पिटले नोकरभरती आणि खरेदी शक्यतो याच वस्त्यांतून करतात. तिथल्या छोट्या धंद्यांना भांडवल मिळवून देतात. हॉस्पिटलने नोकरी देणे हाही एक औषधोपचारच, असा हा विचार आहे. मला तो पटतो. उद्दिष्ट गाठले जाईल की नाही हे मात्र आकडेच सांगतील.

सरासरीच्या आड आपणही

आता आपल्याविषयी. शिकागो शहराचे एकूण आयुर्मान पाहिले तर वेस्ट गारफिल्ड पार्क दिसतच नाही. सरासरी त्याला झाकून टाकते. आपल्या बाबतीतही असेच घडत आले. सरकारी तक्त्यात आपण ‘एशियन’ या एका खान्यात बसतो. त्या खान्याचे आरोग्य एकंदरीत उत्तम दिसते, त्यामुळे आपल्याकडे वेगळे लक्ष द्यायचे कोणाला सुचत नसे.

2010 पासून नॉर्थवेस्टर्न आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘मसाला’ या गमतीदार नावाचा अभ्यास चालवला आहे. त्यात शिकागो आणि बे एरियातील दक्षिण आशियाई वंशाच्या 906 लोकांपासून सुरुवात झाली. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण 23 टक्के निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या गटांत ते कृष्णवर्णीयांत 18, चिनी वंशाच्या लोकांत 13 आणि गोऱ्यांत 6 टक्के होते. ही मंडळी बहुतेक आपल्यासारखीच शिकलेली आणि सुस्थितीतली होती. पैसा आणि चांगला झिप कोड असूनही हे प्रमाण! मग आपल्यातच जे मोटेलमध्ये किंवा दुकानात तुटपुंज्या पगारावर, इन्शुरन्सशिवाय राबतात, त्यांचे काय होत असेल?

आपण काय करू शकतो?

1. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2015 पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची मर्यादा 25 वरून 23 वर आणली आहे. म्हणजे 5 फूट 7 इंच उंचीच्या माणसाचे वजन साधारण 147 पौंडांच्या पुढे गेले, की साखर तपासून घ्यावी. ‘मी काही जाड नाही’ यावर विसंबू नये.

2. 2018 च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक मानला आहे. आपल्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

3. मॅमोग्राम काढताना, फिल्म कोण वाचणार आणि जुन्या फिल्मशी ताडून पाहणार का, हे विचारावे. असे विचारण्यात काहीही गैर नाही.

4. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला 2010 च्या आरोग्य कायद्यानुसार आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते. पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. मोठे बिल आले तर क्रेडिट कार्डाने भरण्यापूर्वी हा अर्ज मागावा.

5. ज्यांना इन्शुरन्स नाही, त्यांच्यासाठी सरकारी मदतीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स आहेत. तिथे फी उत्पन्नाप्रमाणे आकारतात. ओळखीच्या गरजूंना हे जरूर सांगावे.

6. याच हॉस्पिटलांना दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्याच्या गरजांचा अहवाल काढावा लागतो आणि त्यासाठी लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. आपल्या भागातील अहवालात दक्षिण आशियाई लोकांचा वेगळा आकडा आहे का, ते पाहावे. नसल्यास मंडळातर्फे तशी मागणी करता येईल.

शेवटचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. ज्याची मोजदाद होत नाही, त्याचा इलाजही होत नाही. मंडळातील डॉक्टर मंडळींनी यात पुढाकार घ्यावा, अशी विनंती आहे. आकडेमोडीचे काम आम्ही इंजिनियर आनंदाने करू!