समुद्र वर येतोय, तुमच्या घराला धोका किती?

समुद्रकिनारी घर असावं, खिडकीतून लाटा दिसाव्यात, असं कोणाला वाटत नाही? पण हा समुद्र दरवर्षी थोडा थोडा वर येतोय. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. 'एवढीच?' असं तुम्ही म्हणाल. पण वाढीचा वेगही वाढला आहे. १९७१ पर्यंत वर्षाला सरासरी १.३ मिलीमीटर असलेली ही वाढ २००६ ते २०१८ दरम्यान ३.७ मिलीमीटरवर गेली.

तरीही धोका फक्त या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात.

पाणी कुठवर येईल?

किनारा उभ्या कातळाचा असेल तर पाणी तिथेच थांबतं. सपाट असेल तर थोड्या वाढीनेही ते बरंच आत शिरतं. म्हणूनच हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेने देशाच्या किनाऱ्याचे धोक्याचे नकाशे करताना जमिनीची उंची, उतार, लाटा, भरती-ओहोटी, किनाऱ्याची झीज अशा सात गोष्टी पाहिल्या.

यात उंची चुकली की सगळंच चुकतं. उपग्रहांच्या जुन्या मोजणीत अनेक ठिकाणी घरांची छपरं आणि झाडांचे शेंडेच जमीन म्हणून धरले गेले होते. २०१९ मध्ये संशोधकांनी ही चूक सुधारली. तेव्हा आजच्या भरतीच्या रेषेखाली राहणाऱ्यांचा जगभरातला अंदाज २.८ कोटींवरून ११ कोटींवर गेला!

तिथे कोण राहतं?

ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात सातभाया हा सात गावांचा समूह होता. समुद्राने एकेक करत बहुतेक गावं गिळली. २०१८ मध्ये सरकारने ५७१ कुटुंबांना बागपतिया इथे वसवलं. घर बांधून देता येतं, पण मासेमारी आणि शेतीवर जगणाऱ्याला नव्या जागी पोट कसं भरायचं, हा प्रश्न उरतोच.

सावरण्याची ताकद आहे का?

याच ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं दगावली. २०१३ च्या फायलिन वादळात वेळेवर इशारा मिळाला, लाखो लोकांना हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. म्हणजे तयारीने जीव वाचतात. मात्र शेतात शिरलेलं खारं पाणी निवारागृहाने थांबत नाही. २००९ च्या आयला वादळानंतर सुंदरबनातल्या कितीतरी शेतांत मीठ साचलं आणि पुढचे हंगाम हातचे गेले.

तुम्ही काय पाहाल?

किनाऱ्याजवळ घर किंवा जमीन घेणार असाल, तर:

• पावसाळ्यात अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला ती जागा स्वतः पाहा.
• पूर्वी पाणी कुठवर आलं होतं, हे तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारा.
• विहिरीचं पाणी मचूळ होतंय का, ते चाखून पाहा.
• बाहेर पडायला एकच सखल रस्ता आहे का, ते बघा.
• खारफुटी आणि वाळूच्या टेकड्या शाबूत आहेत का, हेही पाहा. लाटांचा जोर आधी त्याच झेलतात.

आणि तुमचे आई-वडील किंवा नातलग आधीच किनाऱ्यावर राहत असतील, तर हेच प्रश्न त्यांच्या घरासाठीही विचारा. इशारा आला तर त्यांना कोण, कुठे आणि कोणत्या रस्त्याने नेणार, हे आजच ठरवून ठेवा.