धर्मसुधारणा, देशभाषा आणि नंदुरबारचा ख्रिस्ती समाज

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या संपादनाखाली झालेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. भिली व खानदेशी बोलींना वाहिलेल्या या ग्रंथात मावची, नोरी, कोटली, देहवाली, पावरी या बोलींचे नमुने आढळतात. आज नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या डोंगरपट्ट्यात यांपैकी बहुतेक बोली बोलल्या जातात. नमुन्यासाठी सर्वेक्षणात सर्वत्र एकच गोष्ट योजिलेली होती. ती म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला. ही निवड धर्मप्रसारासाठी केलेली नव्हती. तीन पुरुषांची सर्वनामे, नामाच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ या छोट्या कथेत सहज येतात, हे तिचे कारण होते. येथील लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मूळ कथेत थोडेफार शाब्दिक फेरफारही करण्यात आले होते. अशा रीतीने बायबलातील एक उतारा सातपुड्याच्या पायथ्याच्या बोलींत छापला गेला तो सरकारी व्याकरणाच्या पुस्तकात. ज्यांची ती भाषा होती त्यांच्या हाती मात्र हे पुस्तक पडण्याची शक्यता नव्हती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि पुढे ज्यांना वाचता आले त्यांना ते मराठीतून आले.

ही विसंगती केवळ स्थानिक नव्हे. तिचे मूळ धर्मसुधारणेच्या तत्त्वातच आहे.

मार्टिन लूथर याने १५१७ साली आपले आक्षेप जाहीर केले आणि १५२२ मध्ये नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. संपूर्ण बायबल १५३४ मध्ये निघाले. धर्मग्रंथ हाच श्रद्धेचा अंतिम आधार असेल तर तो प्रत्येकाला स्वतः वाचता आला पाहिजे, आणि वाचता यायचा असेल तर तो त्याच्या भाषेत असला पाहिजे, असा हा सरळ तर्क होता. परंतु ‘त्याची भाषा’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न या तर्काने सोडविला नाही. उत्तर जर्मनीतील लोकांची बोली लूथरच्या जर्मनीहून बरीच वेगळी होती. त्या बोलीतही बायबल निघाले. पण सतराव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर त्याच्या नव्या आवृत्त्या थांबल्या आणि चर्चमधील भाषा म्हणून लूथरची भाषाच तिकडे स्थिर झाली. नॉर्वेत तर धर्मसुधारणा आली ती डॅनिश बायबल घेऊन. पिढ्यान् पिढ्या नॉर्वेजियन शेतकरी घरी एक भाषा बोलत आणि देवाशी दुसऱ्या भाषेत बोलत. देशभाषेचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीने देशभाषांपैकी एखादीला वर उचलावे आणि तिच्या शेजारणींना नकळत सावलीत ढकलावे, हे युरोपात वारंवार घडले. खानदेशातही तेच घडले.

खानदेशाचा या इतिहासाशी जो संबंध आला तो मुख्यतः स्वीडनमार्गे, म्हणून त्या देशाकडे थोडे वळणे अगत्याचे आहे. स्वीडिश भाषेत नवा करार १५२६ साली आणि राजा गुस्ताव वासा याच्या नावाने ओळखले जाणारे संपूर्ण बायबल १५४१ साली प्रसिद्ध झाले. पुढे १६८६ च्या चर्चविषयक कायद्याने मुलामाणसांनी आणि नोकरचाकरांनीही वाचावयास शिकावे, देवाची आज्ञा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, अशी अपेक्षा घालून दिली. धर्मोपदेशक घरोघर जाऊन वाचनाची व प्रश्नोत्तरीच्या पाठांतराची परीक्षा घेई आणि प्रत्येकाची नोंद चोपडीत करी. शाळा फारशा नव्हत्या. शिक्षण घरातच होई. लेखनाचा आग्रह नव्हता, त्यामुळे छापील पान वाचणारी पण स्वतःचे नावही लिहू न शकणारी माणसे त्या देशात विपुल होती. साक्षरतेच्या इतिहासात असे उदाहरण विरळाच.

राज्यसंस्थेने दिलेली ही विद्या शेवटी राज्यसंस्थेच्या चर्चवरच उलटली. लोक घरी जमून, धर्मोपदेशकावाचून, आपले आपण बायबल वाचू लागले. १७२६ मध्ये अशा खाजगी सभांवर बंदी घालण्यात आली आणि ती १८५८ पर्यंत टिकली. बंदी मोडून जमणाऱ्यांना लोक चेष्टेने ‘लेसारे’ म्हणत. त्याचा अर्थ ‘वाचक’ इतकाच. एखाद्या पंथाला त्याच्या वाचनावरून नाव पडावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला तरी मोठी बोलकी वाटेल.

या वाचकांच्या वातावरणात वाढलेला फ्रेडरिक फ्रान्सन हा १८५२ साली स्वीडनमध्ये जन्मला आणि १८६९ मध्ये कुटुंबासह अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात गेला. चीनसाठी एक हजार मिशनरी हवेत, या हडसन टेलर यांच्या आवाहनाने प्रेरित होऊन त्याने १८९० साली स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ही संस्था सुरू केली. संस्थेच्या नावातील ‘अलायन्स’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लूथरन, बॅप्टिस्ट वा अन्य कोणत्याही एका संप्रदायाला न बांधलेली, पुनर्जागृतीच्या अनुभवावर भर देणारी माणसे तीत एकत्र आलेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत या संस्थेचे आणि स्वीडनमधील तिच्या भगिनीसंस्थेचे मिशनरी खानदेशात आले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांपैकी पश्चिम खानदेशातील नंदुरबार-नवापूर भाग हे त्यांच्या कार्याचे एक प्रमुख क्षेत्र ठरले. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय हा त्या कार्याचा आजही दिसणारा अवशेष. ते पुढे इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडे आले.

हे मिशनरी आले तेव्हा मराठी बायबलास शंभर वर्षांची परंपरा निर्माण झाली होती. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८११ मध्ये नवा करार. १८१३ साली मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नव्या कराराचे आपले भाषांतर काढले. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, ‘ज्ञानोदय’ १८४२ चे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग व भजनांच्या रूपात मराठी ख्रिस्ती उपासनेला जी वाणी दिली ती खानदेशापर्यंत पोचण्यास फार काळ लागला नाही. छापखाना, कोश, गीतसंग्रह, शिकलेले मराठी उपदेशक आणि सरकारी शाळांची भाषा ही सर्व अनुकूलता मराठीच्या बाजूने होती. आल्या आल्या मराठी शिकणे आणि मराठीतून शिकविणे हे मिशनऱ्यांना स्वाभाविक वाटले असल्यास नवल नाही. मावचीला लिपी नव्हती, तिचा कोश नव्हता आणि तिच्यात पुस्तक विकत घेणारा वाचकही नव्हता.

येथे मराठीच्या अभिमान्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मावची ही मराठीची बोली नव्हे. ग्रियर्सनने भिली बोलींना गुजराती व राजस्थानीच्या जवळचा स्वतंत्र गट मानले आहे. या बोलींच्या मोठ्या भागात सकाराच्या जागी हकार येतो. ‘सात’ ही संख्या ‘हात’ अशी उच्चारली जाते, आणि मराठी कानाला भलताच अर्थबोध होतो. मराठी बायबल हाती घेणारा मावची तरुण, डॅनिश बायबल हाती घेणाऱ्या नॉर्वेजियन शेतकऱ्याहूनही अधिक दूरच्या भाषेत प्रवेश करीत होता.

त्यात त्याचा लाभ नव्हता असे नाही. सावकाराचा कागद, वनखात्याची नोटीस, तलाठ्याचा उतारा हे सारे मराठीत होते. धर्मग्रंथासाठी शिकलेले वाचन त्याला कचेरीत उपयोगी पडे. वाचन आणि मद्यत्याग या दोन गोष्टींनी नव्या ख्रिस्ती कुटुंबाचा दिनक्रम बदलला. मद्यत्यागाची ही ओढ केवळ मिशनऱ्यांनी आणलेली होती, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. १९२२ साली देवीच्या चळवळीची जी लाट डांग, पश्चिम खानदेश व सुरतेकडील आदिवासींत पसरली तिचीही आज्ञा दारू सोडा, स्वच्छ राहा हीच होती. आणि तळोद्याकडील मोरवड येथील गुलाम महाराजांनी १९३८ च्या सुमारास आरतीच्या निमित्ताने हजारोंना एकत्र आणले तेही याच दिशेने. ख्रिस्ती झालेले आणि न झालेले भिल्ल एकाच काळात एकाच प्रश्नाची उत्तरे शोधीत होते. मिशनच्या अहवालांतून हा शेजार दिसत नाही, म्हणून तो इतिहासातून वगळता येत नाही.

भाषेच्या निवडीचे परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतात ते सरहद्दीवर. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत गेला. फलाट मात्र एकच राहिला. पलीकडे सोनगड-व्यारा भागात याच जमातींचे नातेवाईक राहतात. तिकडे काम केले ते मुख्यतः अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रेदरन या मिशनने, आणि तिकडचे बायबल गुजराती. त्यामुळे जवळजवळ एकच बोली बोलणारे दोन भाऊबंद प्रभूचे नाव मात्र वेगवेगळे घेतात. इकडे ‘येशू’, तिकडे ‘ईसु’. इकडे ‘मत्तय’, तिकडे ‘माथ्थी’. इकडे ‘शुभवर्तमान’, तिकडे ‘सुवार्ता’. राज्यांची सीमा आखली जाण्याच्या कितीतरी आधी बायबलाने ती आखून ठेवली होती.

मिशनच्या भाषांतरकारांना सोप्या भाषेची तळमळ नव्हती असे म्हणता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळावरून सिद्ध केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी मराठी योजण्याचा त्यात कटाक्ष आहे. त्याही आधी, प्रतिधर्मसुधारणेच्या बाजूने, फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठी ओवीला जे स्थान दिले त्याला तोड नाही. रोमन धर्मपीठ लॅटिनला धरून होते त्या काळात त्याच्या एका जेझुइटाने मराठीत पुराण रचावे, आणि पुढे त्याच गोव्यात १६८४ च्या राजाज्ञेने लोकांना तीन वर्षांत कोकणी सोडण्यास फर्मावले जावे! भाषेविषयीची उदारता ही अमुक एका पंथाची मिरासदारी नव्हती. कॅथलिक चर्चने उपासनेत देशभाषांना व्यापक मोकळीक दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या निर्णयानंतर. पण या सर्वांच्या दृष्टीपुढील देशभाषा म्हणजे मराठी, कोकणी, गुजराती. डोंगरातील बोली त्या मर्यादेबाहेरच राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटत गेली आणि मंडळ्यांची सूत्रे स्थानिक माणसांच्या हाती आली. १९७० साली नागपूर येथे सहा चर्चसंस्था मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तीत अलायन्सच्या परंपरेतील मंडळ्या गेल्या नाहीत. ‘वाचकां’च्या वारसांना बिशपांची व्यवस्था मानवली नसती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पेंटेकॉस्टल वळणाच्या मंडळ्या या भागात पसरल्या. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये झालेली जागृती आणि १९०६ ची लॉस एंजेलिसमधील चळवळ यांच्याशी नाते सांगणाऱ्या या प्रवाहात पुस्तकापेक्षा प्रार्थना, गीत, रोगमुक्ती आणि साक्ष यांना महत्त्व आहे. येथे एक उलटापालट घडली. छापील मराठी पानाचा अधिकार जसा सैल झाला तशी घरची बोली उपासनेत येण्यास वाट मिळाली, कारण उत्स्फूर्त प्रार्थना माणूस स्वतःच्या भाषेतच करतो. वाचनाच्या धर्माने जे साधले नव्हते ते काही अंशी बोलण्याच्या धर्माने साधले.

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जवळच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनामंदिरे जाळली गेली. तेव्हापासून ख्रिस्ती आदिवासी हा आदिवासी राहतो काय, हा वाद या पट्ट्यात पुन्हा पुन्हा उठविला जातो. कायद्याच्या दृष्टीने स्थिती स्पष्ट आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. या वादात दोन्ही बाजू वेश, सण आणि नावे यांविषयी बोलतात. भाषेविषयी फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः मावची बोलणारा ख्रिस्ती आणि याहामोगीच्या जत्रेला देवमोगऱ्यास जाणारा त्याचा चुलतभाऊ यांच्यात आज सर्वांत भक्कम उरलेले समान धन म्हणजे ती भाषाच होय.

गेल्या काही दशकांत मावची, पावरी आदी बोलींत नव्या कराराची भाषांतरे झाली आहेत. त्यांसाठी देवनागरी लिपी स्वीकारली गेली, आणि जे उच्चार देवनागरीत नीट बसत नाहीत त्यांचे काय करावे हा व्यवहारी प्रश्न भाषांतरकारांपुढे उभा राहिला. त्याहून कठीण प्रश्न शब्दांचा. ‘देव’ या शब्दाला डोंगरात स्वतःचा इतिहास आहे. ‘पवित्र आत्मा’ मराठीतून जसाच्या तसा उचलावा तर तो ऐकणाऱ्याला पाहुणा वाटतो, आणि बोलीतला शब्द घ्यावा तर त्याबरोबर भगताच्या विधीतील अर्थही येतात. कॅरींपासून रमाबाईंपर्यंत प्रत्येक मराठी भाषांतरकाराने हाच पेच सोसलेला आहे. फरक इतकाच की त्यांच्या मागे कोश होते. मावचीच्या बाबतीत भाषांतरकारालाच कोशकाराचे काम करावे लागते. दरम्यान जनगणनेत मावचीची गणना भिली-भिलोडी या एका मोठ्या शीर्षकाखाली होते. २०११ मध्ये त्या शीर्षकाखाली १ कोटी ४ लक्षांहून अधिक भाषिक नोंदले गेले, आणि आठव्या परिशिष्टात त्याला स्थान नाही.