अमेरिकेची उधारी किती दिवस चालणार?

दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, अमेरिका सगळ्यात श्रीमंत, तर मग व्यापारात दरवर्षी तूट कशी?" सवाल चांगला होता, पण घंटा झाली. राहिलेलं उत्तर इथे देतो.

परदेशाला जेवढं विकलं त्यापेक्षा जास्त तिथून विकत घेतलं, की व्यापारी तूट होते. अमेरिकेच्या व्यापारात शेवटची शिल्लक उरली ती १९७५ साली. त्यानंतर दरवर्षी तूटच. २०२४ मध्ये ती ९०० अब्ज डॉलरच्या वर होती.

आपली उधारी दोन महिने थकली की किराणावाला तोंड फिरवतो. अमेरिकेला मात्र दुकानदारच म्हणतो, राहू द्या! कारण ती डॉलरमध्ये पैसे देते आणि डॉलर सगळ्या जगाला हवा असतो. चीन, जपान, सौदी अरेबिया माल किंवा तेल विकून डॉलर कमावतात आणि त्यातले बरेच अमेरिकी सरकारच्याच रोख्यांत ठेवतात. म्हणजे मालही दिला आणि कर्जही दिलं. शिवाय हे कर्ज अमेरिकेच्या स्वतःच्या चलनात. आपल्याला ही सोय नव्हती. १९९१ मध्ये परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं, तेव्हा भारताला सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं.

मग हे कायम चालेल का? माझ्या मते अजून बरीच वर्षं चालेल, पण फुकट नाही. अमेरिकेची परदेशातली मालमत्ता वजा केली तरी जगाचं तिच्यावरचं देणं २५ लाख कोटी डॉलरहून जास्त आहे. त्यावर व्याज आणि नफा बाहेर जातोच. एके काळी ब्रिटनच्या पौंडाचाही असाच रुबाब होता. दोन महायुद्धांनी देश कर्जात गेला आणि १९६७ मध्ये पौंडाची किंमत २.८० डॉलरवरून २.४० वर आणावी लागली.

ट्रम्पसाहेबांनी एप्रिल २०२५ मध्ये जवळपास सगळ्या देशांवर आयात कर लावला. त्याने रोग जाईल असं वाटत नाही. २०१८ पासून चीनच्या मालावर कर वाढवले, तर चीनबरोबरची तूट कमी झाली, पण व्हिएतनाम आणि मेक्सिकोबरोबरची वाढली. मूळ दुखणं घरात आहे. देश बचतीपेक्षा जास्त खर्च करतो. २०२४ मध्ये एकट्या सरकारनेच कमाईपेक्षा सुमारे १.८ लाख कोटी डॉलर जास्त उडवले.

तूट खरोखर कमी व्हायची तर खर्च आवरावा लागतो, नाहीतर डॉलर स्वस्त व्हावा लागतो. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी ठरवून डॉलर खाली आणला. दोन-एक वर्षांनी तूट उतरू लागली.

इथे आपल्या कोकणातल्या घरांचा संबंध येतो. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ आणि अमिरातीचा दिरहम १९९७ पासून ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. डॉलर घसरला की हे दोघेही त्याच्याबरोबर घसरतात. इतकी वर्षं रुपयाच डॉलरपुढे नरम पडत आला, म्हणून गल्फहून येणारी रक्कम रुपयांत वाढतच गेली. उद्या रुपयापुढे डॉलर उतरला, तर दुबईतल्या भावाचा पगार तोच राहील, पण घरी पोहोचणारे रुपये कमी असतील.