फ्लॅश चालू ठेवायचा की बंद?

मँचेस्टरमध्ये नोव्हेंबर लागला की साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिवाळीचे आपले बहुतेक फोटो अंधारातच निघतात. तुमच्याकडेही असा एक फोटो असेल: रांगोळीजवळ बसलेल्या मुलीचा चेहरा पांढराफटक, मागे उभे आजी-आजोबा काळोखात, आणि पणत्यांचा पिवळसर उजेड गायब. दोष कॅमेऱ्याचा नसतो. फ्लॅश काय करू शकतो आणि काय नाही, एवढंच समजून घ्यायला हवं.

फ्लॅशचा प्रकाश पुढे जाताना पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की तो निम्मा नाही, पावपट उरतो; तिप्पट झालं की नवव्या हिश्श्यावर येतो. मुलगी 1 मीटरवर आणि आजी 3 मीटरवर असतील, तर आजींवर पडणारा प्रकाश नऊपट कमी. कॅमेरा एकाच वेळी दोघींना न्याय देऊ शकत नाही. म्हणून पहिला उपाय अगदी साधा: सगळ्यांना कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर बसवा. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन-चार मीटरच पुरतो, आणि झूम केलं की भिंगातून प्रकाश कमी आत येत असल्याने त्याहूनही कमी. सभागृहात मागे बसून रंगमंचावर फ्लॅश मारला, तर उजळतात ती फक्त पुढच्या रांगेतली डोकी!

मग पणत्या कुठे गेल्या? फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच, किंवा त्याहूनही कमी वेळ चमकतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तरी त्याचा वाटा वाढत नाही. वाढतो तो खोलीतल्या उजेडाचा. ऑटोवर शटर पटकन मिटतं आणि पणत्यांचा मंद प्रकाश नोंदलाच जात नाही. यासाठी 'स्लो सिंक' किंवा 'नाइट पोर्ट्रेट' निवडा (बहुधा माणूस आणि चांदणीचं चित्र). फ्लॅश चेहरा उजळतो, उघडं शटर पणत्या टिपतं. फक्त कॅमेरा टेबलावर टेकवा आणि फ्लॅश चमकल्यावरही क्षणभर हलू नका.

अंधारात स्वतःचा उजेड घेऊन जाण्याची कल्पना मँचेस्टरला नवी नाही. इथल्या ओवेन्स कॉलेजचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री रॉस्को आणि जर्मनीचे बुन्सेन यांनी जळत्या मॅग्नेशियमचा प्रकाश छायाचित्रणाला उपयोगी पडेल, हे दाखवून दिलं होतं. त्या काळच्या काचा निळ्या किरणांनाच जास्त दाद देत, आणि मॅग्नेशियमच्या प्रकाशात ते भरपूर असतात. 1864 साली मँचेस्टरचे छायाचित्रकार आल्फ्रेड ब्रदर्स यांनी या उजेडात रॉस्को यांचा फोटो काढला, आणि 1865 मध्ये डर्बीशायरमधल्या ब्लू जॉन गुहेचा.

जळती पट्टी हवी तिथे धरता येत असे. आपला फ्लॅश मात्र भिंगाला चिकटलेला. त्याचा प्रकाश डोळ्यातल्या पडद्यावर आपटून सरळ भिंगात परततो, म्हणून डोळे लाल दिसतात आणि चेहरे सपाट. खोलीतला दिवा लावा: बाहुल्या आकसतात आणि लाली कमी होते.

नुसत्या पणत्यांचा फोटो हवा असेल, तर फ्लॅश बंदच करा (बाणावर काट मारलेलं चिन्ह). कॅमेरा स्टुलावर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. पणत्यांना उजेडाची गरज नसते, शटरला वेळेची असते.