खेळण्यावर आयएसआय दिसते, पण ते खरे आहे का? आयात खेळणी घेताना हे तपासा

आंगणेवाडीची जत्रा असो, कुणकेश्वरची यात्रा असो की सुट्टीतला मालवणचा बाजार, मुलांचा हट्ट खेळण्यांच्या दुकानासमोर येऊन थांबतोच. एकीकडे सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे, तर दुसरीकडे बॅटरीवर पळणाऱ्या परदेशी गाड्या. दोन्ही खेळणीच, पण त्यांना लागू होणारे नियम वेगळे आहेत. ते ठाऊक नसतील तर पालक फसतो आणि दुकानदारही अडचणीत येतो.

नियम काय आहे?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांचे खेळणे देशात बनलेले असो वा आयात केलेले, त्यावर भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये आयात खेळण्यांचे नमुने तपासले होते. त्यातले सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले होते.

चाचणीत काय पाहतात?

सुटा झालेला भाग लहान मुलाच्या घशात अडकू शकतो का, कडा धारदार आहेत का, खेळणे चटकन पेट घेते का, हे पाहिले जाते. रंगातून शिसे, कॅडमियम, पारा असे घातक घटक किती सुटतात, प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने किती आहेत, हेही मोजले जाते. लहान मूल खेळणे हाती आले की तोंडात घालते. त्यामुळे या चाचण्या महत्त्वाच्या ठरतात.

परवाना नेमका कोणाचा?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. परवाना दुकानदाराला किंवा आयातदाराला मिळत नाही. तो खेळणे बनवणाऱ्या कारखान्याला, त्या ठरावीक पत्त्यासाठी मिळतो. कारखाना परदेशात असला तरी त्याने बीआयएसच्या परदेशी उत्पादक योजनेतून परवाना घ्यावा लागतो. एका कारखान्याचा परवाना दाखवून दुसऱ्या कारखान्याचा माल विकता येत नाही.

पालकांनी कसे तपासावे?

नुसते चिन्ह पाहून थांबू नका, कारण चिन्ह कोणीही छापू शकतो.

• चिन्हाच्या वर मानक क्रमांक असतो. साध्या खेळण्यासाठी आयएस ९८७३ आणि बॅटरी किंवा विजेवर चालणाऱ्यासाठी आयएस १५६४४.
• चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ॲप उघडून परवाना तपासण्याच्या पर्यायात तो टाका.
• ॲपमध्ये दिसणारे उत्पादकाचे नाव, पत्ता आणि खोक्यावरची माहिती जुळते का, परवाना चालू आहे का, ते पाहा.
• आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी.

‘सीई’ लिहिले आहे, ते चालेल का?

नाही. सीई हे युरोपच्या बाजारपेठेसाठीचे चिन्ह आहे. अनेक खेळण्यांवर उत्पादक ते स्वतःच्या घोषणेवर लावतो. भारतात ते आयएसआयच्या जागी धरले जात नाही.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

कणकवली-कुडाळचा दुकानदार मुंबईच्या घाऊक बाजारातून माल घेवो किंवा ऑनलाइन थेट परदेशातून मागवो, पैसे देण्यापूर्वी कारखान्याचा परवाना क्रमांक मागून घ्यावा. परवान्यात नेमकी कोणत्या प्रकारची खेळणी येतात, तेही पाहावे. परवाना नसलेला माल सीमाशुल्क विभागाकडे अडकतो. शिवाय खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यामुळे फारच स्वस्तात मिळणाऱ्या परदेशी खेळण्याबाबत दोन प्रश्न जास्त विचारलेले बरे. पक्के बिल घ्यावे आणि जपून ठेवावे.

सावंतवाडीच्या खेळण्यांचे काय?

चितारआळीतल्या लाकडी खेळण्यावर आयएसआय दिसले नाही म्हणून ते बेकायदा ठरत नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने या आदेशातून सूट मिळाली आहे. ही सूट कारागिराला आहे, दुकानाला नाही. त्याच फळीवर मांडलेल्या परदेशी प्लास्टिकच्या खेळण्याला ती लागू होत नाही. ‘हे हाताने बनवलेले आहे’ असे सांगितले गेले, तर कोणी बनवले आणि नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. खऱ्या कारागिराला त्याचा फायदाच होतो. सूट म्हणजे चाचणी झाल्याची खूण नव्हे, म्हणून अगदी लहान मुलासाठी घेताना रंग सुटतो का, लहान भाग निघतो का, हे हाताने पाहून घ्यावे.

तक्रार कुठे करावी?

२०१६ च्या बीआयएस कायद्यात अशा गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने महिनाभराच्या कारवाईत देशभरातून सुमारे १८,६०० खेळणी जप्त केल्याचे सांगितले होते. त्यात मोठ्या शहरांतली नामांकित दुकानेही होती. संशय आल्यास ‘बीआयएस केअर’ ॲपवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी खोके, बिल आणि चिन्हाचा स्पष्ट फोटो हाताशी ठेवा. घरी आल्याबरोबर खोके फेकून दिले, तर परवाना क्रमांकही त्याच्याबरोबर जाऊ शकतो.